साठ लाकडी ठोकळे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलीला चौथे वर्ष लागले तेव्हा साध्या, बिनरंगी लाकडी ठोकळ्यांचा साठ नगांचा संच घेतला. पहिल्या महिन्यात पैसे वाया गेले असेच वाटत होते, कारण सोबत आलेल्या पत्रकातला किल्ला मी बांधत असे आणि ती पाडत असे. शेवटी ते पत्रक कपाटात टाकले आणि मगच खेळ सुरू झाला.

या ठोकळ्यांचे बळ त्यांच्या मापात आहे. 1914 मध्ये न्यूयॉर्कला शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट यांनी जी मापे रूढ केली, त्यांप्रमाणे मूळ ठोकळ्याची लांबी रुंदीच्या दुप्पट आणि रुंदी जाडीच्या दुप्पट असते. बाकीचे त्याच्या निम्मे, दुप्पट, चौपट. एकदा पुलाचा एक खांब बुटका राहिला, तेव्हा तिने दोन अर्धे ठोकळे एकावर एक ठेवले, वरून तळहात फिरवून पाहिला आणि स्वतःशीच "बरोब्बर" म्हणाली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. पुढे चौपट ठोकळ्याची एसटी झाली, आजोबा कंडक्टर झाले, आणि अर्ध्या ठोकळ्यांना अर्धेच तिकीट लागेल, असा नियम तिने स्वतःच काढला. "हे काय केलंस?" असे विचारण्याचा मोह मात्र आम्हाला आवरावा लागतो, विचारले की ती खेळ थांबवून उत्तर शोधू लागते.

तक्रारीही आहेत. कडा नीट घासलेल्या नव्हत्या. दुसऱ्याच आठवड्यात अंगठ्यात कूस गेली आणि साठही ठोकळ्यांवर मला पॉलिश पेपर फिरवावा लागला. पावसाळ्यात दोन लांब ठोकळ्यांना बाक आला, त्यावर विक्रेत्याचे उत्तर "नैसर्गिक लाकूड आहे" एवढेच. खाली सतरंजी नसेल तर मनोरा कोसळल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, हेही सांगून ठेवतो.

किंमत मला जास्तच वाटली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंखशिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्याच वस्तूंवर काम चालवले होते, आणि आमच्याकडेही चिंचोके व बाटल्यांची झाकणे ठोकळ्यांत मिसळल्यापासून खेळ अधिक रंगतो. ओळखीचा सुतार असेल, तर एका मापात कापून घासलेले तुकडे पुरतील. माप मात्र काटेकोर हवे.

मध्यंतरी तिने एका ठोकळ्यावर पेनाने दार आणि खिडकी काढली होती. परवा तिनेच पॉलिश पेपर आणून दिला. "बाबा, हे दार घालवून दे ना, हा नुसता घरच होतोय."