वेफर्सच्या गाळ्यातील सर्किट : जळगावच्या रेसिंग सिम्युलेटर केंद्राचा अनुभव

जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर हे रेसिंग सिम्युलेटर केंद्र, म्हणजे पडद्यासमोर बसून आभासी ट्रॅकवर गाडी पळवण्याची जागा, सुरू होऊन सात-आठ महिने झाले असतील, पण मालकाने अजून स्वतःची पाटी लावलेली नाही. वर आधीच्या भाडेकरूची केळी वेफर्सची पाटी तशीच आहे, आणि त्यामुळे कॉलेजची मुले या जागेला ‘वेफर्सवाला’ असेच म्हणतात. माझा भाचा एका रविवारी ‘मामा, वेफर्सवाल्याकडे चला ना’ म्हणाला, तेव्हा मी खिशात शंभराची नोट टाकून निघालो होतो. तेथे अर्ध्या तासाचे अडीचशे रुपये पडतात, हे पोहोचल्यावर कळले. त्यानंतर मी स्वतःहून सात वेळा गेलो आहे, तेव्हा या अभिप्रायाचा कल कोणीकडे आहे ते वाचकांनी आधीच ओळखावे.

गाळ्यात दोन आसने आहेत. डावीकडच्या आसनाचे स्टिअरिंग दातेरी चक्रांवर चालणारे, स्वस्त प्रकारातील आहे. ते फिरवताना हातांना किंचित खडखड जाणवते आणि अर्ध्या तासाला दीडशे रुपयांत ते मिळते. अडीचशे रुपयांचे उजवीकडचे ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ पद्धतीचे आहे, म्हणजे त्यात स्टिअरिंगचे चाक थेट मोटरच्या आसावर बसवलेले असते, मध्ये ना पट्टा ना दाते, आणि त्यामुळे टायर घसरू लागण्याआधी चाक हलके होते ती सूक्ष्म सूचनाही हातापर्यंत पोहोचते. मात्र खरा फरक ब्रेकमध्ये आहे. हा ब्रेक पाय किती खाली गेला हे मोजत नाही, पायाने किती जोर लावला हे मोजतो. रोजच्या गाडीच्या सवयीने मी पहिल्या वळणापूर्वी तो हळुवार दाबला आणि गाडी वळणाकडे ढुंकूनही न पाहता सरळ खडीत जाऊन बसली. मालक मागून शांतपणे म्हणाला, ‘सर, ट्रॅक्टरचा ब्रेक समजा.’ दुसऱ्या फेरीत मी तसे समजलो आणि गाडी वळली.

हा मालक तिशीच्या आतला, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला आणि काही वर्षे पुण्यात नोकरी करून परतलेला तरुण आहे, आणि या केंद्राची निम्मी किंमत त्याच्यातच आहे असे माझे मत झाले. तो नवख्याला शर्यतीची गाडी देत नाही. आधी साधी हॅचबॅक, मग लहान स्पोर्ट्‌स कार, आणि तिची वेळ फळ्यावर लिहिण्याजोगी आली तरच पुढची पायरी, असा त्याचा क्रम आहे. शिवाय कोणताही ट्रॅक निवडला की तो कुठे आहे, कोणी बांधला आणि तेथील लोक तेथे का जमतात, हे तो दोन-चार वाक्यांत सांगतो. पडद्यावरचे बहुतेक ट्रॅक प्रत्यक्ष रस्ता लेझरने मोजून तयार केलेले असल्यामुळे डांबरातील उंचवटेही तेच लागतात, आणि प्रत्येक देशाने आपला मोटारींचा शौक आपल्या जागेतून आणि स्वभावातून कसा घडवला, हे वाचण्यापेक्षा हातांनी अधिक लवकर कळते.

सुरुवात नेहमी मॉन्झाने होते. मिलानजवळच्या राजवाड्याच्या उद्यानात १९२२ मध्ये अवघ्या ११० दिवसांत बांधलेले हे ५.७९३ किलोमीटरचे सर्किट म्हणजे लांबच लांब सरळ रस्ते आणि त्यांच्या टोकाला जोरदार ब्रेक. इटलीत येथे गर्दी फेरारीसाठी येते आणि शर्यत संपताच लोक ट्रॅकवर उतरून विजेत्यांच्या मंचाखाली जमतात. मला मात्र त्या देशातील दुसऱ्या एका नावाचे अधिक अप्रूप वाटते. फेरुचिओ लाम्बोर्गिनी यांनी १९४८ पासून ट्रॅक्टर बनवले आणि मोटारींचा कारखाना त्यानंतर, १९६३ मध्ये काढला. एन्झो फेरारी यांच्याशी क्लचवरून झालेल्या वादातून तो निघाला, अशी कथा सांगितली जाते. ही गोष्ट ऐकून भाच्याने विचारले की, मग आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांनी असे काही का केले नाही? केले आहे. महिंद्रने २०१५ मध्ये, फेरारीच्या कित्येक गाड्यांची रूपरेखा आखणारी इटलीची पिनिनफरिना ही संस्था विकत घेण्याचा करार केला, आणि २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिच्या नावाने ‘बातिस्ता’ ही जवळपास १,९०० अश्वशक्तीची विजेवरची गाडी मांडली. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तेवढे घोडे एका बोनेटखाली कल्पून पाहावेत.

इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनची कथा वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धात बांधलेला विमानतळ युद्धानंतर रिकामा पडला होता. त्याच्याच रस्त्यांवरून गाड्या पळवायला सुरुवात झाली आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन या एकआसनी गाड्यांच्या सर्वोच्च शर्यत प्रकाराच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील पहिली शर्यत तेथे झाली. ट्रॅक सपाट आणि वळणे वेगाची, कारण जमीनच तशी. फॉर्म्युला वनचे निम्म्याहून अधिक संघ आजही इंग्लंडमध्ये आहेत.

आता नुर्बुर्गरिंग. जर्मनीतील आयफेलच्या डोंगरांत १९२७ मध्ये खुला झालेला हा जुना उत्तर वळसा २०.८३२ किलोमीटरचा, सत्तरहून अधिक वळणांचा आणि सुमारे ३०० मीटर चढ-उताराचा आहे. विश्वविजेते चालक जॅकी स्ट्युअर्ट यांनी त्याला ‘हिरवा नरक’ हे नाव दिले आणि १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा यांना तेथेच जिवावर बेतलेला अपघात झाला. त्यानंतर फॉर्म्युला वन या वळशावर परतली नाही. पण ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही सामान्य माणूस स्वतःची गाडी तेथे नेऊ शकतो, आणि जर्मन शौकाचे मर्म मला त्यातच दिसते. ज्या देशात महामार्गाच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा सक्तीची नाही, फक्त ताशी १३० किलोमीटरचा सल्ला आहे, तेथे वेगाने चालवणे ही प्रेक्षकाने टाळ्या वाजवण्याची बाब न राहता परवान्याबरोबर येणारे कौशल्य होते. गंमत अशी की, शूमाकर आणि फेटेल या विश्वविजेत्या चालकांच्या याच देशात २०२० नंतर फॉर्म्युला वनची एकही शर्यत झालेली नाही.

या वळशावर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा तीन वेळा कुंपणावर आदळून बारा मिनिटांहून अधिक वेळ घेतला. कॅरुसेल नावाच्या त्या खोलगट वळणात काँक्रीटचे तुकडे जोडून केलेला उतरता काठ आहे. चाक त्यात उतरले की स्टिअरिंग असे थरथरते की, गिरणीच्या जात्यावर हात ठेवल्याचा भास होतो. हॅचबॅकच्या फळ्यावर तेथे सर्वांत वरची वेळ नऊ मिनिटे पन्नास सेकंद अशी आहे, आणि ती कोणा कॉलेजकुमाराची नाही. रावेरहून दिल्लीला केळी नेणाऱ्या एका ट्रकचालकाची ती आहे. मी त्याला खेळताना एकदा पाहिले. आसनात टेकून बसलेला, हात खाली, घाई कशाचीच नाही. उतारावर तो ब्रेकला जवळपास पाय लावत नव्हता, गाडी गिअरवरच उतरवत होता. बाहेर आल्यावर मालकाला एवढेच म्हणाला, ‘घाट बरा आहे भो, पण समोरून कोणी येत नाही, मजा काय?’

जपानचे सुझुका होंडा कंपनीने १९६२ मध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी बांधले. त्याचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून रस्ता स्वतःवरूनच पुलाने जातो. पहिल्या अर्ध्या भागातील डावी-उजवी वळणांची माळ एकदा लय चुकली की शेवटपर्यंत चुकतच राहते. जपानी शौकाचे मला आवडणारे अंग मात्र लहान गाड्यांचे आहे. ६६० सीसीचे इंजिन आणि ६४ अश्वशक्ती या मर्यादेत त्यांनी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बनवल्या, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान इंजिनात. १९९१ ची सुझुकी कॅपुचिनो ही त्यांपैकी एक येथे चालवायला मिळते, आणि सर्व गाड्यांत मला तीच सर्वांत आनंददायक वाटली. मोठ्या गाड्यांच्या बाबतीतही तेथील कंपन्यांनी १९८९ पासून पंधराएक वर्षे २८० अश्वशक्तीच्या वर जायचे नाही असा आपसांत संकेत पाळला होता. कागदावर तरी पाळला होता.

अमेरिकेच्या डेटोनावर मी फार वेळ दिला नाही. चार किलोमीटरचे लंबवर्तुळ, ३१ अंशांचा तिरपा काठ, आणि डावीकडे वळत राहायचे. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू वाहणाऱ्यांनी गाड्या वेगवान केल्या आणि त्या परंपरेतून १९४८ मध्ये नॅसकार ही तेथील मोटार शर्यतींची संस्था उभी राहिली, हे ऐकायला रंजक आहे. प्रेक्षकाला एका जागी बसून सगळी शर्यत दिसावी यासाठी ही रचना आहे, आणि अमेरिकेतल्याच इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर तर अडीच लाखांच्या वर कायम आसने आहेत. चालवणाऱ्या एकट्या माणसाला मात्र त्यात विसाव्या फेरीनंतर झोप येते. याच इंडियानापोलिसच्या आतील रस्त्यावर २००५ मध्ये टायरच्या वादामुळे केवळ सहा गाड्या शर्यतीत उरल्या होत्या, आणि नारायण कार्तिकेयन चौथे येऊन फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

आणि मग आपला बुद्ध. ग्रेटर नोएडाचे हे ५.१२५ किलोमीटरचे सर्किट येथे उपलब्ध आहे, पण ते हौशी मंडळींनी छायाचित्रांवरून बनवलेले असल्याने त्याचे डांबर फारच गुळगुळीत लागते. हेरमान टिल्के यांनी आखलेला ट्रॅक उत्तम आहे. एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आणि नंतरची चढउताराची वळणे आजही कोणत्याही परदेशी ट्रॅकशी बरोबरी करतील. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही फेटेल यांनी जिंकल्या, आणि शर्यत हा खेळ की करमणूक या उत्तर प्रदेश सरकारबरोबरच्या कराच्या वादात ती मालिका अडकली ती अडकलीच. २०२३ मध्ये मोटोजीपी या जागतिक दुचाकी शर्यत मालिकेच्या दुचाकी तेथे धावल्या, एवढाच काय तो मोठा अपवाद.

या आसनावर बसून एकामागून एक ट्रॅक चालवताना मला जे जाणवले ते असे की, नोएडाला आपण कळस आधी चढवला. दक्षिणेत क्रम उलटा होता. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब १९५३ चा. त्यांच्या शर्यती सिल्व्हरस्टोनप्रमाणेच शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत आणि पुढे त्यांनी इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चे इंजिन बसवून परवडणारी एकआसनी शर्यतीची गाडी तयार केली, आणि कार्तिकेयन त्याच गावचे आहेत हा योगायोग नव्हे. करिवर्धन यांच्या नावाचा २.१ किलोमीटरचा कारी स्पीडवे तेथे आजही मुलांना घडवतो. आपल्या खानदेशाला सर्वांत जवळचा म्हणावा असा वेगाचा ट्रॅक आग्रा रोडने बिजासन घाट चढून पलीकडे पिथमपूरला आहे. २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा हा ट्रॅक गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, हौशी माणसाने तिकीट काढून जाण्यासाठी नाही. तसा ट्रॅक होईपर्यंत आमच्या भागात दीडशे रुपयांचे डावीकडचे आसनच आहे.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. उजव्या आसनाची उंची बदलत नाही, त्यामुळे साडेपाच फुटांखालच्या माणसाला पाठीमागे उशी लागते, आणि ती उशी एकच आहे. वातानुकूलन यंत्र एकच टनाचे आहे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना दोन संगणक, दोन मोटरी आणि दहा पोरे यांच्यापुढे ते हात टेकते. वीज गेली तर बॅटरीवर संगणक चालू राहतो पण मोटर बंद पडते, आणि चालू फेरीत स्टिअरिंग एकाएकी मेल्यासारखे सैल होते. तो वेळ मालक भरून देतो, पण आपण सांगितले तरच. रविवारी सायंकाळी साडेसहाला युरोपातील शर्यती मोठ्या पडद्यावर दाखवतात तेव्हा खुर्च्या बारा आणि माणसे तीस असतात. सुझुकाची शर्यत सकाळी साडेदहाला असते, तेव्हा मात्र गाळा बंद. दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे द्या, असे मी गमतीने म्हणून पाहिले आहे. पार्किंगचे बोलूच नये.

दीडशे आणि अडीचशे यांत निवड करायची असल्यास पहिल्या दोन भेटींत दीडशेच द्यावेत. हात स्थिर होईपर्यंत महागड्या मोटरचा फायदा कळत नाही, फक्त मनगटे दुखतात. नंतर मात्र उजवीकडेच बसावे. जाण्यापूर्वी फोन करून वेळ घ्यावी, मंगळवारी सुट्टी असते. आणि चपला घालून जाऊ नये, कारण त्या जोराच्या ब्रेकवर चप्पल सटकते आणि अनवाणी पायाला पेडलची धार लागते. मी घरून पातळ तळव्याचे जुने कॅनव्हासचे बूट पिशवीत घालून नेतो आणि दारात बदलतो, तेव्हा शेजारचा चहावाला दर वेळी विचारतो, ‘सर, आज कोणत्या देशाला?’