कॅनडाचा स्पाउस पीआर: तिथे राहून की बाहेरून?

कोथरूडच्या माझ्या भाचीपुढे हाच पेच आहे. नवरा टोरांटोत, कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी; त्याची जोडीदार म्हणून तिलाही तो दर्जा हवाय. ती व्हिजिटर व्हिसावर त्याच्याकडे गेलीय आणि डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न पुण्यात.

सरकारी फी दोन्हीकडे सारखीच, त्यात अडकू नका.

खरा फरक प्रवासाचा. ‘कॅनडातील जोडीदार’ वर्गात अर्ज केला तर दोघांनी तिथे एकत्र राहायला हवं. लग्नाला म्हणून ती आली आणि परतताना प्रवेश नाकारला गेला, तर अर्जच बुडू शकतो. वर नकाराविरुद्ध अपिलाचा हक्कही नाही. मला हे फार जोखमीचं वाटतं. बाहेरून करायच्या ‘फॅमिली क्लास’ अर्जात ती पुण्यात राहिली तरी बिघडत नाही, आणि नकार आलाच तर नवरा अपील करू शकतो.

नवऱ्याचं काय? स्पॉन्सर, म्हणजे जोडीदाराची जबाबदारी घेऊन त्याला बोलावणारा, पीआर असेल तर त्याचा मुक्काम कॅनडातच हवा. लग्नापुरतं येऊन जावं, बिऱ्हाड हलवू नये. नागरिक असेल तर बाहेर राहूनही स्पॉन्सर करता येतं, फक्त जोडीदारासह परतून तिथेच राहणार हे दाखवावं लागतं.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत घरी यायची गरज नसेल, तर पहिला मार्ग चालेल. पुण्यात लग्नकार्य, आजारी आईवडील असतील, तर फॅमिली क्लासच.