घरच्या ३ किलोवॅट सोलरचा अनुभव: सिस्टीम चांगली, पण ॲपवर विसंबू नका

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर ५४० वॅटचे ६ पॅनल आहेत, उन्हाळा पावसाळा दोन्ही काढून झाले म्हणून लिहितोय. बिल खाली आलंय, त्यात वादच नाही.

फेब्रुवारीत दिवसाला १४-१५ युनिट यायचे, मे मध्ये १२-१३. बसवणारा म्हणाला ऊन वाढलं की पॅनल ढिले पडतात. खोटं नाही ते, पॅनलवर छापलेले वॅट २५ डिग्रीचे असतात, आपल्याकडं दुपारी पॅनल ६५ ला जातो, आणि डिग्रीमागं साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. पण हे कारण इतकं सोयीचं की खरा फॉल्ट त्याच्याआड आरामात लपतो.

आमच्यात तेच झालेलं. शेजारच्या काकांकडं तेच पॅनल, तेवढेच, दिशापण तीच. भर दुपारी दोन्ही इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) पॅनलकडून येणारे डीसी व्होल्ट बघितले तर त्यांचे २१५ च्या आसपास, आमचे २०३. युनिटमध्ये फरक पाच-सहा टक्के, इन्व्हर्टरच्या ॲपवर मात्र सगळं हिरवंच, म्हणजे ठीकच!

मग वायरमनला बोलावलं, आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडची वीज तोडणारा स्विच बंद, आणि मगच कनेक्टर काढले (चालू लोडवर हे एमसी-४ कनेक्टर ओढू नका ओ, डीसीचा आर्क, म्हणजे ठिणगीचा जाळ, लवकर विझत नाही). एकेक पॅनल सुटा मोजला. पाच जण ४३-४४ व्होल्ट, एक २९. एक तृतीयांश गायब. पॅनलच्या तीन भागांना एकेक बायपास डायोड असतो (तो भाग अडला तर करंटला बाजूनं वाट देणारा), त्यातला एक शॉर्ट. वळवाच्या विजांनी गेला असावा असा वायरमनचा अंदाज. डायोडचा डबा सीलबंद, त्यामुळं पॅनलच बदलायचा. वॉरंटीत मिळाला, पण आधी "धुऊन बघा" हेच उत्तर, मोजतानाचा व्हिडिओ आणि सिरीयल नंबर पाठवल्यावर हालचाल झाली.

धुण्याचं म्हणाल तर बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडतात, आणि नळाला पाणी कधी येतं ते सोलापूरकरांना काय सांगायचं. सकाळी गार असताना ओल्या फडक्यानं पुसतो, भागतं. पावसाळ्याआधी मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं मीटर) केबलचं इन्सुलेशनपण बघून घ्या, १ मेगाओमच्या खाली आलं तर केबल कुठंतरी सोललीय समजा.

हे सगळं मोजायला मीटर घेताना डीसी करंट मोजणारा क्लॅम्पच (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) मागा, स्वस्तातले बरेचसे करंट फक्त एसीचाच दाखवतात.