चिऱ्याच्या भिंतीवरचा स्टँड: गॅरेजमधील जागा वाचवताना झालेली फसवणूक

गेल्या वर्षी जुलै महिन्यात, पावसाची झड लागलेली असताना, आमच्या गॅरेजच्या भिंतीला टांगलेले लॉनमोवर मध्यरात्री स्टँडसकट खाली कोसळले. गाडीचे बॉनेट चेपले, मोवरचे हँडल वाकले आणि टाकीतील पेट्रोल लादीवर पसरले. पहाटे माझे पती दार उघडायला गेले तेव्हा दिव्याचे बटण दाबण्यापूर्वीच त्यांना वास आला आणि त्यांनी आधी दोन्ही दारे सताड उघडली, म्हणून पुढचे संकट टळले. किनाऱ्यावर होमस्टे किंवा बागायत चालवणाऱ्या माणसाच्या दारात असा स्टँड विकणारा विक्रेता उद्या उभा राहू शकतो, म्हणून हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांना खेळता यावे म्हणून पुढे हिरवळ राखली आहे आणि मागे नारळ-पोफळीची वाडी आहे. त्यामुळे पेट्रोलवर चालणारे लॉनमोवर, खांद्याला अडकवायचा ग्रासकटर, हिरवळ दाबायचा लोखंडी रोळ, ढकलगाडी आणि पाण्याच्या पाइपांची वेटोळी एवढा पसारा सांभाळावा लागतो. गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे. गाडी आत घेतली की बाजूला माणूस आडवा होऊन जेमतेम जाऊ शकतो. येथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा काहीच बाहेर ठेवता येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात ओल्या हिरवळीवर मोवर चालत नाही आणि उघडीप मिळाली की ग्रासकटरवरच भागवावे लागते. म्हणजे सर्वांत अवजड यंत्र चार महिने नुसती जागा अडवून बसते. ही अडचण खरी होती आणि विक्रेत्याने नेमकी तीच हेरली.

एप्रिलमध्ये तो स्वतःहून घरी आला. शेजारच्या गावातील दोन होमस्टेंना आपण स्टँड बसवून दिल्याचे त्याने सांगितले आणि मोबाइलवर त्याची छायाचित्रे दाखवली. भिंतीला मोवर उभे टांगायचा घडीचा स्टँड, वर ग्रासकटरसाठी दोन आकडे आणि खाली रोळ अडकवायची खोबण, असा सगळा संच ३८,५०० रुपयांना होता. ‘तीनशे चार ग्रेडचे स्टेनलेस स्टील आहे, खाऱ्या वाऱ्याला दाद देणार नाही, शंभर किलो वजन पेलेल आणि दहा वर्षांची हमी आहे,’ असे तो म्हणाला. सोबत आणलेल्या नमुन्याला त्याने खिशातील लोहचुंबक लावून दाखवले आणि ते चिकटले नाही. मला ते पटले.

ते मला पटायला नको होते, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की स्वस्तातले २०२ ग्रेडचे स्टीलसुद्धा लोहचुंबकाला फारसे चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर २०२ मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेले असते आणि खाऱ्या हवेत ते लवकर तांबेरते. हा फरक खिशातील लोहचुंबक सांगू शकत नाही. दुसरे कारण अधिक साधे आहे. त्याने दाखवलेला तुकडा आणि बसवलेला माल एकच आहे की नाही, हे मी तपासलेच नाही. पडलेल्या स्टँडला नंतर आम्ही दाराचे लोहचुंबक लावले तेव्हा ते घट्ट बसले, कारण तो साध्या लोखंडावर चकाकीचा मुलामा दिलेला माल होता. ज्या ठिकाणी भोके पाडली होती तेथून मुलामा सुटून तीन महिन्यांत गंज आत शिरला होता.

पैशांचा व्यवहार कसा झाला, तेही सांगते. मी बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, “बिल हवे तर अठरा टक्के वर पडतील, वहिनी. तुमचे पैसे उगाच कशाला घालवता?” मी होकार दिला आणि तेथेच माझी बाजू लंगडी झाली. २५,००० रुपये आगाऊ आणि उरलेले काम झाल्यावर, असे ठरले. पैसे त्याने दाखवलेल्या क्यूआर कोडवर पाठवले. त्यावर आलेले नाव त्याच्या कार्डावरील दुकानाच्या नावाशी जुळत नव्हते. ‘भावाचे खाते आहे,’ एवढ्या उत्तरावर मी थांबले. पक्के बिल घेतले असते तर त्यावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आला असता. महाराष्ट्रातील नोंदणीचा हा क्रमांक २७ या आकड्याने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की तो कोणाच्या नावाने आहे व चालू आहे की रद्द झाला आहे, हे कोणालाही दोन मिनिटांत पाहता येते. हमीपत्र म्हणून त्याने जो छापील कागद दिला त्यावर एक मोबाइल क्रमांक होता, पत्ता मात्र नव्हता.

ज्या भिंतीवर स्टँड बसवायचा तेथे माझ्या सासऱ्यांनी बांधून घेतलेला माळा होता. आमच्याच आवारात पडलेल्या फणसाच्या लाकडाच्या अकरा फळ्या, खाली आईनाचे दोन वासे. त्यावर पावसाळ्यात सुके नारळ, झावळांच्या विणलेल्या पात्या आणि जुनी भांडी राहत. “हा माळा असेपर्यंत स्टँड नीट उघडणार नाही आणि वाळवी लागली की सगळी भिंत खराब होईल,” असे सांगून त्याने तो काढायला लावला. लाकूड नेण्याच्या बदल्यात तीन हजार रुपये वजा केले आणि त्याच संध्याकाळी टेंपोत घालून नेले. वाळवीचा मागमूसही त्या फळ्यांना नव्हता. आमच्या सुताराला हे कळले तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. चाळीस वर्षे सुकलेले फणसाचे लाकूड आज विकत घ्यायला गेले तर त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतील, हे त्याने नंतर सांगितले. स्टँडच्या पैशांपेक्षा हे नुकसान मला आजही जास्त लागते, आणि विक्रेत्याचा डोळा पहिल्यापासून त्या फळ्यांवर होता की काय, ही शंका मनातून जात नाही.

आता भिंतीविषयी. येथील बहुतेक घरांप्रमाणे आमचे गॅरेज चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांचे आहे. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, पण त्याच्या अंगात छिद्रे असतात आणि काही ठिकाणी मातीचे गाभे असतात. वरून सारखे वजन पडले तर तो पिढ्यान्पिढ्या पेलतो. त्यात भोक पाडून खिळा किंवा बोल्ट ओढला जाईल अशी ताकद लावली तर तो आतून भुगा होऊन सुटतो. पावसाळ्यात भिंत पाणी धरते तेव्हा ही पकड आणखी ढिली होते. त्या माणसाने गिलाव्यातून आरपार जेमतेम दीड इंच आत गेलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि सहा स्क्रूंवर सगळा संच लटकवला. आमच्या गवंड्याने नंतर ती भोके पाहिली आणि म्हणाला, “वहिनी, चिऱ्यात ह्या गिट्ट्या धरायच्या नाय. भिंतीच्या पलीकडे पट्टी देऊन आरपार बोल्ट घालायला हवा होता.” जागेवर काम चालू असताना मी पाहुण्यांच्या जेवणाच्या तयारीत होते. गवंड्याला पाच मिनिटे बोलावले असते तर त्याने तेथेच काम थांबवले असते.

धोक्याची एक खूण मे महिन्यातच मिळाली होती. मोवर सुरू केले तेव्हा त्यातून पांढरा धूर निघाला आणि ते दोनदा बंद पडले. मेकॅनिकने उघडून पाहिले तर एअर फिल्टर इंजिन ऑइलने भिजला होता. पेट्रोलचे मोवर उभे करून ठेवता येते असे कंपनीने त्या मॉडेलच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते उभे टांगायचे नसते. तसे केले की ऑइल सिलिंडरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरते व टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपते. ‘सगळी मोवर उभी राहतात,’ हे विक्रेत्याचे विधान खोटे होते. मेकॅनिकने मला टाकी रिकामी करूनच यंत्र ठेवायलाही सांगितले होते, कारण हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि चार महिने टाकीत राहिले तर कार्ब्युरेटर खराब करते. तेही मी पुढे ढकलले. टाकी रिकामी असती तर त्या रात्री निदान पेट्रोल तरी सांडले नसते.

स्टँड कोसळल्यानंतर मी विक्रेत्याला फोन केला. पहिल्या दिवशी त्याने ‘माणूस पाठवतो’ असे सांगितले. चौथ्या दिवसापासून फोन बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. तेथून आणि एका वकिलांकडून जे कळले ते असे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कोठला आहे याने अडत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि तो ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे दापोलीहून रत्नागिरीची खेप प्रत्येक कागदासाठी करावी लागत नाही. बिल नसले तरी यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरील संदेश, तो छापील कागद आणि पडलेल्या स्टँडची छायाचित्रे पुरावा म्हणून जोडता येतात. घोडे अडले आहे ते पत्त्यापाशी. ज्याला नोटीस पाठवायची तो राहतो कोठे, हेच मला ठाऊक नाही. पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जात त्या बँक खात्याचा तपशील दिला आहे.

सध्या मोवर जमिनीवरच आहे. त्याच्या हँडलला दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे नट आहेत. ते सैल केले की हँडल यंत्रावर दुमडते आणि पाच फुटांची लांबी तीन फुटांवर येते. हे मोवरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानांवर चित्रासह दिले आहे आणि मी ते चार वर्षांत कधी पाहिले नव्हते. सुताराने त्यावरून जाईल अशी चार पायांची मांडणी करून दिली. तिचे सगळे वजन लादीवर येते आणि भिंतीत केवळ ती पुढे कलू नये एवढ्यासाठी दोन आरपार बोल्ट आहेत. ग्रासकटर वर आडवा राहतो, रोळ दाराच्या कोपऱ्यात उभा आहे. एवढ्यावर गाडीच्या बाजूने सरळ चालत जाता येते. या मांडणीला एकूण ६,२०० रुपये खर्च आला.

स्टँड कोसळल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, विक्रेत्याने छायाचित्रात दाखवलेल्या त्या दोन होमस्टेंपैकी एकाच्या मालकीणबाईंना मी शोधून काढले. त्यांच्याकडेही तोच संच होता, तेच हमीपत्र होते आणि मोवर अजून भिंतीवर होते. खालीच त्यांच्या नातवाची सायकल उभी होती. मी उभी असतानाच त्यांच्या मुलाने मोवर उतरवले. स्टँड सोडवायला त्याने पाना आणला होता, पण त्याची गरज पडली नाही. वरच्या बाजूचे चारही स्क्रू, गिट्ट्यांसकट, बोटांनीच बाहेर आले.