बारावी केमिस्ट्रीचा रेकॉर्डेड कोर्स – ग्रुप १८ च्या लेक्चरसाठी तरी घ्याच

मुलीसाठी घेतला होता पण शेवटी मीच तिच्या शेजारी बसून बघत राहिले, इतकं छान शिकवलंय. आमच्या वेळी ग्रुप १८ चे नोबल गॅस (हेलियम, निऑन, झेनॉन वगैरे) म्हणजे "कशाशीच रिॲक्ट होत नाहीत" एवढंच पाठ करायचं. इथे सरांनी सुरुवातच ऑक्सिजनपासून केली. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेटच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि O₂⁺ आयन असलेला केशरी-लाल पदार्थ तयार होतो, मग त्याने आकडे बघितले तर O₂ ची आयनायझेशन एनर्जी (म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) मोलमागे साधारण ११७५ किलोज्यूल आणि झेनॉनची ११७०, म्हणजे जवळजवळ सारखीच! मग तेच झेनॉनवर करून बघितलं आणि झाली की रिॲक्शन राव. ऐकताना अंगावर काटा आला खरंच.

O₂⁺ मधला बाँड O₂ पेक्षा मजबूत का, तर जाणारा इलेक्ट्रॉन अँटीबाँडिंग (म्हणजे बाँड कमकुवत करणाऱ्या) ऑर्बिटलमधला, तो गेला की बाँड ऑर्डर, म्हणजे दोन अणूंमधल्या बाँडची संख्या, २ वरून २.५ होते, हे लेकीला पहिल्यांदाच नीट कळलं. झेनॉनची संयुगंही आहेत: XeF₂ सरळ रेषेत, XeF₄ चौकोनी सपाट, XeO₃ स्फोटक, सगळं मॉडेल फिरवून दाखवतात.

तक्रार एकच, नोट्सची पीडीएफ फार पुसट आहे, प्रिंट काढली तर सबस्क्रिप्ट वाचताच येत नाहीत आणि या धड्यात तर सगळा खेळच सबस्क्रिप्टचा, तेवढं प्लीज सुधारा. बाकी पाचपैकी साडेचार.