जुन्या पीसीवर ओपनडब्ल्यूआरटी: कोकणात कितपत चालतं?

माळ्यावर पडलेल्या जुन्या पीसीला राउटर बनवायला ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली राउटरची प्रणाली उत्तम. फुकट, ५१२ एमबी रॅममध्येही आरामात पळतं, ३२ बिट प्रोसेसरसाठीही इमेज (डिस्कवर जशीच्या तशी लिहायची तयार फाइल) मिळते.

नेटवर्क कार्डं दोन लागतात. दुसरं शक्यतो पीसीआय एक्स्प्रेसचं इंटेल गिगाबिट घ्या. जुनं रिअलटेक ८१३९ चालतं, पण १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. यूएसबी लॅन अडॅप्टरला बहुधा वेगळं ड्रायव्हर पॅकेज टाकावं लागतं, आणि ते उतरवायला नेटच नसतं!

इमेज डिस्कवर लिहिली की पहिलं कार्ड लॅन (घरातलं नेटवर्क), दुसरं वॅन (बाहेरून येणारं इंटरनेट). केबलींची अदलाबदल झाली की सेटिंगचं पान उघडत नाही. निम्म्या तक्रारी इथल्याच. फायबरच्या मोडेमचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर दोन्ही पत्ते भिडतात, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीच्या लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा. वायफायसाठी जुना राउटर डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करून लॅन पोर्टला जोडा.

रत्नागिरी-मालवणकडे खारी हवा रॅमच्या पिना खाते. पीसी चालू होईना तर आधी रॅम काढून पिना खोडरबराने पुसा. पावसाळ्यात लाइट सारखी जाते, म्हणून बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतताच चालू होण्याचा पर्याय निवडा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल तर हे सेटिंग विसरलं जातं, सेल बदलाच.

खटकतं ते वीजबिल. ६० वॅटचा डेस्कटॉप महिन्याला सुमारे ४३ युनिट खातो, २० वॅटचा लॅपटॉप १४. शिवाय लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर इन्व्हर्टर नको, फक्त मोडेमची सोय बघा.