वीजबिल की युरोपचा ग्राहक?
भोसरी-चाकणच्या कारखान्यात ऊर्जा मोजणारं सॉफ्टवेअर किंवा कमी वीज खाणारे सर्व्हर घ्यायला मॅनेजर तयार का होतो? कारणं मुख्यतः दोन.

एक, वीजबिल. मीटर सॉफ्टवेअरला जोडले की रिकामा फिरणारा कॉम्प्रेसर लगेच सापडतो. बचत दरमहा दिसते, मालकाला पटवणं सोपं जातं. पण सोप्या गळती बुजल्या की उत्साहही ओसरतो.

दुसरं कारण बाहेरून येतं आणि ते जास्त चिवट आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला. मग त्या कंपन्या पुरवठादारांकडे ऊर्जा आणि उत्सर्जनाचे आकडे मागू लागल्या. युरोपची सीबीएएम ही आयात मालावरच्या कार्बनशुल्काची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात पोलादाचे नट-बोल्टही येतात. वर्षाअखेरीस एक्सेलमध्ये आकडे जुळवून तिथे फार काळ निभत नाही. इथे प्रश्न बचतीचा नाही, ऑर्डर टिकवण्याचा आहे. फक्त अहवालापुरतं घेतलेलं सॉफ्टवेअर शॉपफ्लोअरवर कोणी उघडतही नाही, हा त्यातला धोका.

लहान कारखान्याने वीजबिलापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत. युरोपला माल पाठवणाऱ्याला मात्र तेवढी सवड नाही. सीबीएएमचा पैशांचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे.